वाचक विचारतात : जावातलं स्लामेतान

प्रश्न : जहाजावरचा माझा जावानीज सहकारी पाच वेळा नमाज पढतो, पण त्याच्या गावी 'स्लामेतान' घालून गावराखण्या भुतालाही भात दाखवतात म्हणे. आपण राखणदाराला रोट देतो तसंच का हे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : स्लामेतान म्हणजे शेजाऱ्यांना बोलावून घातलेलं विधीचं जेवण. रोटापेक्षा ते आपल्या गाऱ्हाण्याच्या, म्हणजे देवापुढे मोठ्याने घातलेल्या मागण्याच्या, जवळचं आहे. नावातच आपलं 'सलामत' आहे : कुणाला काही बाधू नये, एवढंच मागणं. मगरीबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजानंतर) शेजारचे पुरुष घरात चटईवर बसतात. मधे भाताचा सुळका, 'तुंपेंग'. (तांदूळ अर्धवट वाफवून नारळाच्या रसात मुरवतात, पुन्हा वाफवतात आणि गरम असतानाच साच्यात दाबतात, निवलेला भात दाबला की सुळका ढासळतो.) धूप पेटतो. यजमान दरबारी वळणाच्या जावानीजमध्ये पैगंबर, पूर्वज, गावचा रक्षक 'दान्यांग' यांची नावं घेऊन हेतू सांगतो. तो थांबला की मंडळी 'इंगिह' म्हणतात. हे आपलं 'व्हय म्हाराजा'च! मग मोदिन, म्हणजे गावचा धार्मिक विधी सांगणारा, अरबी दुवा म्हणतो, तेव्हा 'आमिन'. एखाद्याचं नाव राहिलं तर तो रुसेल, म्हणून यजमान बोलण्यातल्या नि जेवणातल्या उणिवांची माफीही मागून ठेवतो.

भुतं फक्त वास घेतात. माणसं चार घास खाऊन उरलेलं केळीच्या पानात घरी नेतात. त्याला म्हणतात 'बेर्कात', म्हणजे बरकत.

सगळ्यांना हे पटतं असं नाही. 1912 साली योग्याकार्तात स्थापन झालेली मुहम्मदिया ही सुधारणावादी मुस्लिम संघटना विरोध करते. 1926 ची नहदलातुल उलमा ही परंपरावादी उलेमांची संघटना दुवा-जेवणाची रीत सांभाळते.

प्रश्न : मयताचे दिवस कसे मोजतात?

उत्तर : मयतासाठी स्लामेतान घालतात ते असे : 3, 7, 40, 100 वा दिवस, मग पहिलं नि दुसरं वर्ष, शेवटी 1000 वा दिवस. मृत्यूचा दिवस पहिला धरायचा. चूक होते ती इथे : त्यांचा दिवस सूर्यास्ताला बदलतो. गुरुवारी रात्री आठला गेलेला माणूस त्यांच्या हिशेबी शुक्रवारचा. त्याचा सातवा गुरुवारी येतो, बुधवारी नव्हे.

वर्ष मात्र आपल्या ओळखीचं. जावातल्या मातारामचा राजा सुलतान आगुंग याने 1633 मध्ये महिने इस्लामी चांद्र केले, पण शके 1555 हा आकडा तसाच पुढे चालू ठेवला. चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान, त्यामुळे त्यांचा आकडा आज आपल्या शकाच्या बारा-एक वर्षं पुढे पळतो.