संयुक्त जैववैद्यकीय संशोधनासाठी विद्यापीठाला वेगळी नवी इमारत खरोखर लागते का?
नुसत्या इमारतीने सहकार्य घडत नाही. परंतु अंतराचा अडथळा खराच आहे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील संशोधक टॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, दोघांच्या बसण्याच्या जागांमधील अंतर वाढते तसा त्यांच्यातील तांत्रिक संवाद झपाट्याने घटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००३ साली सुरू झालेल्या क्लार्क सेंटरमध्ये, वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने आतल्या बंद मार्गिकांऐवजी बाहेरून सज्जे दिले, प्रयोगशाळा मोकळ्या ठेवल्या आणि टेबले हलवता येतील अशी सोय केली, जेणेकरून अभियंते, जीवशास्त्रज्ञ व डॉक्टर शेजारी-शेजारी काम करू शकतील. मोकळ्या जागेत गोंगाट वाढतो, हे मात्र मान्य करावे लागेल. शिवाय सूक्ष्मदर्शकांसाठी कंपनांपासून सुरक्षित आणि पेशीसंवर्धनासाठी निर्जंतुक अशा बंद खोल्या तरीही लागतातच, त्यामुळे त्यांची जागा आराखड्यात आधीच राखून ठेवावी.