सासऱ्यांचे १५ लाख की सहा महिन्यांचा ओव्हरटाइम?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला एका सुपरमार्केटच्या वितरण केंद्रात शिफ्ट सुपरवायझर आहे. आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळालेली आहे. पगार वर्षाला २६,८०० पौंड, हातात महिन्याला साधारण १,८३०. बचत ९,४०० पौंड. सांगलीच्या मुलीशी साखरपुडा झालाय, लग्न डिसेंबरमध्ये आहे. स्पाउस व्हिसासाठी उत्पन्न २९,००० लागतं, मला २,२०० कमी पडतात. वडील पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना मोडून १५ लाख द्यायला तयार आहेत. मुलीचे वडीलही तेवढेच माझ्या खात्यात टाकतो म्हणतात. कोणाचे घ्यावेत?

उत्तर: दोघांचेही घेऊ नका. तुमचा प्रश्न १५ लाखांचा नाहीच. तो महिन्याला १८३ पौंडांचा आहे आणि तो तुमच्या पगारातूनच सुटतो.

आधी १५ लाखांचा आकडा कुठून आला ते बघू. ११ एप्रिल २०२४ पासून पती किंवा पत्नीला आणण्यासाठी वार्षिक उत्पन्नाची अट १८,६०० वरून २९,००० पौंडांवर गेली. पगार कमी पडला तर बचतीने भरून काढता येतं, पण त्याचं सूत्र कडक आहे. बचतीतले पहिले १६,००० पौंड हिशेबात धरतच नाहीत. त्यावरच्या रकमेला अडीचने भागून जे येईल तेवढंच उत्पन्नात मिळवतात. तुमची तूट २,२००, तिची अडीचपट ५,५००, अधिक १६,०००, म्हणजे २१,५०० पौंड. पौंड ११५ रुपयांना धरला तर १५ लाखांचे १३,००० होतात. त्यात तुमचे ९,४०० मिळवले की २२,४००. कागदावर जमतं.

या सूत्रात लहान तूटच सगळ्यात महाग पडते. पगार एक पौंडाने कमी असला तरी १६,००० च्या वर बचत दाखवावी लागते. तुमच्याकडचे ९,४०० या हिशेबात आज शून्य आहेत. शिवाय ही रक्कम अर्जाच्या आधी सलग सहा महिने खात्यात असावी लागते आणि त्या काळातली सगळ्यात कमी शिल्लक धरली जाते. विमानाची तिकिटं, लग्नातला तुमचा वाटा, दागिने, सगळं त्याच ९,४०० मधून जाणार. नोव्हेंबरात सोनाराला २,००० पौंड दिलेत की शिल्लक २०,४०० वर येते आणि सहा महिने पाण्यात जातात. व्हिसाची फी आणखी वेगळीच.

आता मुलीच्या वडिलांच्या पैशांबद्दल, आणि हे मी अगदी स्पष्ट सांगतो. लग्न ठरल्यावर मुलीकडून मुलाच्या खात्यात १५ लाख येणं याला १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंडाच म्हणतात. ‘त्यांनी स्वखुशीने दिले’, ‘व्हिसासाठीच होते’ यानं फरक पडत नाही. देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात, शिक्षा किमान पाच वर्षांची आहे. शिवाय त्या व्यवहाराची नोंद तुम्ही स्वतःच्या हाताने सरकारी अर्जाला जोडणार आहात. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या मुलीला तुम्ही परक्या देशात आणताय तिच्या संसाराची सुरुवात तिच्या बापाच्या पैशांवर नको. त्यांना फोन करा, मनापासून आभार माना आणि नको म्हणा.

तुमच्या वडिलांचे पैसे कायद्याने चालतात. बापाने मुलाला दिलेली भेट करमुक्त आहे आणि होम ऑफिसही (व्हिसा देणारं इथलं गृहखातं) भेट मान्य करतं, फक्त ती उधारी नसावी. इथेच बहुतेक घरं अडकतात. ‘व्हिसा झाला की परत पाठवतो’ असं घरात ठरतं आणि अर्जात मात्र ‘परत न करण्याच्या अटीवर भेट’ असं वडिलांच्या सहीचं पत्र लागतं. ते खोटं निवेदन झालं. फसवणुकीचा ठपका बसला तर अर्ज फेटाळतातच, वर दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. म्हणजे ते १५ लाख खरोखरच द्यायचे असतील तरच द्यायचे. द्यायचे तर वडिलांच्या घरात काय होतं? ८.२ टक्क्यांनी १५ लाखांवर दर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज येतं, ते बंद. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर मोडणीचे एक टक्का, १५,००० रुपये. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत मोडली तर दीड टक्का. आईवडिलांचं औषधपाणी आणि किराणा त्या तिमाहीच्या व्याजावर चालत असेल, तर २,२०० पौंडांच्या तुटीसाठी हे मोडणं मला पटत नाही.

शिवाय १५ लाख तिकडून इकडे पाठवले तर उदारीकृत प्रेषण योजनेत एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. म्हणजे ५ लाखांवर १ लाख, विवरणपत्र भरेपर्यंत अडकलेले. आणि पाठवायची गरजही नसते, कारण बचत भारतातल्या बँकेत असली तरी चालते, तुमच्या किंवा पत्नीच्या नावावर. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण उगाच पैसे फिरवतात.

आता पगाराकडे. भेटीच्या पैशांना सहा महिने खात्यात बसावं लागतं आणि पगारालाही एकाच मालकाकडच्या सहा महिन्यांच्या पगारपत्रकांचा पुरावा लागतो. वाट तेवढीच बघायची आहे. ओव्हरटाइम उत्पन्नात धरला जातो, सहा महिन्यांच्या सरासरीने. २६,८०० चा तुमचा तासाचा दर, आठवड्याला ४० तास धरले तर, साधारण १२.८८ पौंड पडतो. शनिवारच्या पाळीला दीडपट मिळत असेल तर आठ तासांचे १५४ होतात. महिन्याला दोन शनिवार म्हणजे ३०० च्या वर.

महिने मोजताना लग्नाची रजा विसरू नका. जुलै ते डिसेंबरची सहा पगारपत्रकं लावणार असाल तर डिसेंबरात ओव्हरटाइम शून्य असणार आणि तो शून्यही सरासरीत बसतो. पाच महिने ३०० प्रमाणे १,५०० झाले, सहाने भागले तर महिन्याला २५०, वर्षाला ३,०००. एकूण २९,८००. वरचे ८०० पौंड मुद्दाम ठेवलेत, एखादा शनिवार आजारपणात गेला तरी चालावं म्हणून. डिसेंबरची रजा भरपगारीच घ्या. बिनपगारी रजेने मूळ पगार कमी दिसतो आणि पगारदारांच्या बाबतीत सहा महिन्यांतला सगळ्यात खालचा पगार धरतात.

अर्ज जानेवारीत करा. शेवटचं पगारपत्रक आणि बँक स्टेटमेंट अर्जाच्या तारखेच्या आधी २८ दिवसांपेक्षा जुनं नको. प्रत्येक पगारपत्रकावरची निव्वळ रक्कम त्याच महिन्याच्या स्टेटमेंटवर पेनीपर्यंत जुळायला हवी, १,९८७.४२ लिहिलंय तर खात्यातही १,९८७.४२ च. कंपनीचं पत्र लेटरहेडवर हवं आणि त्यात हुद्दा, वार्षिक पगार, कधीपासून नोकरीत, या पगारावर कधीपासून, नोकरी कायम की कराराची, हे सगळं हवं. एचआर बहुधा ‘हे आमच्याकडे काम करतात’ एवढ्या दोन ओळी देतं. हवा तो मजकूर तुम्हीच लिहून त्यांच्याकडे घेऊन जा.

कोणी सांगेल की तिचा पगारही मिळवा. आत्ता नाही चालत. तिची भारतातली नोकरी पहिल्या अर्जात धरत नाहीत. तिची बचत मात्र धरतात. साधी मुदत ठेव चालते, अगदी मोडताना दंड पडला तरी. पीपीएफ, पीएफ, विम्याची पॉलिसी आणि पाच वर्षांची करबचत ठेव यांचा उपयोग नाही. तरीही तिच्या ठेवीला हात लावायची गरज नाही. ती तिच्याच नावावर राहू द्या. ती इथे आली की पहिल्या दिवसापासून काम करू शकते आणि अडीच वर्षांनी मुदतवाढीच्या वेळी तिचा इथला पगार तुमच्या पगारात मिळवता येतो. तुमची अडचण या पहिल्या अर्जापुरतीच आहे.

तुमच्या ९,४०० चं काम दुसरंच आहे. एप्रिल २०२५ च्या दराने भारतातून करायच्या अर्जाची फी १,९३८ पौंड. ३३ महिन्यांच्या व्हिसाचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे तीन वर्षांचा, ३,१०५. दोन्ही एकाच वेळी भरायचे, म्हणजे ५,०४३. व्हिसा नाकारला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. अडीच वर्षांनी मुदतवाढीचे १,३२१ आणि अधिभाराचे २,५८७.५०, मिळून ३,९०८.५०. मग तिच्या आयएलआरचे ३,०२९. पाच वर्षांत १२,००० पौंड सहज जातात आणि हे दर सहसा एप्रिलमध्ये वाढतात. म्हणून ती आल्याच्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात दरमहा १३० पौंड टाका, ३० महिन्यांत मुदतवाढीचा खर्च जवळपास जमतो.

फी वजा जाता तुमच्याकडे ४,३५७ उरतात, त्यातून तिकिटं आणि लग्न. ओव्हरटाइमचा हातात येणारा पैसा खर्चू नका, तोच तिच्या पहिल्या महिन्यांची शिदोरी आहे. तिला इथे सरकारी भत्त्यांचा आधार नाही आणि पहिली नोकरी लागायला वेळ लागू शकतो. तुम्ही घरात एकटेच प्रौढ राहत असाल आणि कौन्सिल टॅक्समध्ये (इथली घरपट्टी) २५ टक्के सवलत घेत असाल, तर ती आली की सवलत जाते; आपणहून कळवा. व्हिसाच्या आशेवर आत्ताच मोठा फ्लॅट घेऊ नका. शेअर घरातली खोली चालते, पण ती खोली तुम्हा दोघांचीच हवी, घरात नियमापेक्षा जास्त माणसं होता कामा नयेत आणि दोघांनी राहायला घरमालकाची लेखी परवानगी हवी.

सांगलीकडच्या कामात पैसे वाया जातात ते नावामुळे. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, विवाह नोंदणी नव्या नावाची, व्हिसासाठीची इंग्रजीची परीक्षा तिसऱ्याच नावाने, अशी खिचडी झाली की परीक्षा पुन्हा आणि तिची फी पुन्हा. व्हिसा हातात येईपर्यंत पासपोर्ट आहे त्या नावाचाच ठेवा आणि परीक्षा, क्षयरोग चाचणी, बँक सगळं त्याच नावाने करा. इंग्रजीची ए१, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळीची परीक्षा यूके व्हिसासाठी मान्य असलेलीच हवी, नेहमीची आयईएलटीएस चालत नाही. तिची पदवी इंग्रजी माध्यमातली असेल तर एक्टिस या संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन परीक्षा टाळता येते. क्षयरोग चाचणीचं प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं आणि मान्यताप्राप्त दवाखान्याचंच लागतं, म्हणून ती लग्नानंतर करा, आत्ता नको. विवाह प्रमाणपत्र फक्त मराठीत मिळालं तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

ठरवून केलेलं लग्न ही अडचण नाही. तुम्ही प्रत्यक्ष भेटला आहात आणि नातं खरं आहे एवढं दिसायला हवं. साखरपुड्याचे फोटो, भेटीच्या वेळची तिकिटं, रोजच्या कॉलची नोंद आत्तापासून जपा. कोणी फियान्से व्हिसा, म्हणजे लग्नाआधीच इथे येण्याचा व्हिसा, सुचवला तर नको म्हणा. त्यावर सहा महिने काम करता येत नाही आणि लग्नानंतर इथे पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

वाहतुकीच्या हंगामात शनिवारच्या पाळ्यांना मागणी असते, म्हणून मॅनेजरला याच आठवड्यात गाठा आणि जुलै ते नोव्हेंबरचे महिन्याला दोन शनिवार लेखी मागून घ्या. ते मिळत नाहीत असं दिसलं, तर मूळ पगारवाढ किंवा दुसरी छोटी नोकरी बघा, पण दुसऱ्या नोकरीचीही सहा महिन्यांची पत्रकं लागतील. मग अर्ज जानेवारीऐवजी मार्च-एप्रिलपर्यंत पुढे ढकला. तोवर तिने सांगलीची नोकरी सोडू नये, राजीनामा व्हिसा मिळाल्यावरच.