नारळ दिला, वर सव्वाशे कोटीही दिले

एरवी या सदरात क्रिकेट नि कबड्डीचेच प्रश्न असतात, पण जानेवारी 2026 मध्ये इंडियाना युनिव्हर्सिटी अमेरिकन कॉलेज फुटबॉलची चॅम्पियन झाली तेव्हापासून ज्यांची मुलं तिकडे शिकतायत त्यांची पत्रं सुरू झालीत, म्हणून यावेळी सगळा तोच विषय घेतलाय.

प्रश्न: माझा मुलगा ब्लूमिंग्टनला, इंडियाना युनिव्हर्सिटीत, शिकत होता. 2023 मध्ये फोनवर म्हणाला, आमच्या फुटबॉलच्या कोचला काढलं आणि जाताना त्याला दीड कोटी डॉलर दिले. मला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. हरणाऱ्या माणसाला इतके पैसे कशाबद्दल? (एक आई, नाशिक)

उत्तर: चेष्टा नव्हती ताई, उलट पोराने थोडं कमीच सांगितलं. आकडा 1 कोटी 55 लाख डॉलरचा होता, तेव्हाच्या दराने सव्वाशे कोटी रुपयांच्याही वर, दोन हप्त्यांत. आणि हे घासाघीस करून बरं का, करारात याहून जास्त होते.

झालं असं की टॉम अ‍ॅलन हे कोच 2020 ला, म्हणजे कोविडच्या अर्ध्यामुर्ध्या सीझनमध्ये, 6 मॅच जिंकले आणि 2 च हरले. इंडियानासारख्या टीमला हे म्हणजे दिवाळीच. लगेच हुरूप आला, करार वाढवला, लांबलचक. मग पुढची तीन वर्षं 2 विजय 10 पराभव, 4-8, 3-9. आता काढायचं तर उरलेल्या वर्षांचे पैसे मोजा, यालाच ते बायआउट म्हणतात. मुलांच्या फीमधून गेले असं समजू नका, तिकडे बूस्टर म्हणून श्रीमंत माजी विद्यार्थी असतात, अशा वेळी तेच चेक फाडतात. आपल्याकडे कारखान्याचे माजी चेअरमन देवळाला कळस देतात ना, तसलाच प्रकार. खरी चूक हाकलताना झालेली नसते, ती आधी एका चांगल्या वर्षानंतर घाईघाईत सही करताना झालेली असते, आणि ही चूक तिथे दरवर्षी कोणी ना कोणी करतंच.

प्रश्न: असा कोच शोधतात तरी कसा? चार दिवसांत नवीन माणूस आणला म्हणे. आमच्या कॉलेजात साधा शिपाई भरायला आठ महिने लागतात. (एक निवृत्त प्राध्यापक, पुणे)

उत्तर: सर, चार दिवस हे खरंय. 25 नोव्हेंबर 2023 ला त्याच राज्यातल्या परड्यू युनिव्हर्सिटीकडून 35-31 ने हरले, दुसऱ्या दिवशी रविवारी अ‍ॅलनना नारळ, आणि 30 तारखेला कर्ट सिग्नेटी यांचं नाव जाहीर. घाई अशासाठी की 4 डिसेंबरला ट्रान्सफर पोर्टल उघडणार होतं. म्हणजे खेळाडूंनी आपलं नाव टाकायचं नि दुसऱ्या कॉलेजात निघून जायचं. पूर्वी कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बसून काढावं लागायचं, 2021 पासून ती अट गेली, त्याच वर्षी जाहिरातीतून पैसे कमवायची परवानगीही मिळाली. 20 डिसेंबरपासून शाळेतून येणाऱ्या पोरांच्या सह्या. तोवर कोच नसला तर असलेली टीमही फुटते आणि नवीन कोणी येत नाही, मग मांडव आहे, वऱ्हाड आहे आणि नवराच नाही अशी गत.

हे सगळं स्थळं बघण्यासारखंच चालतं. मध्यस्थ म्हणून एजंट असतात, वर शोध घेणाऱ्या कंपन्या असतात, आणि मुलगा आधीच दुसरीकडे नोकरीला असतो त्यामुळे बोलणी गुपचूप. तो आपल्या टीमला सांगत असतो मी कुठे जात नाही आणि एजंट इकडे आकडे लावत असतो.

आता इंडियानाची तेव्हाची पत्रिका बघा. वरच्या श्रेणीत सगळ्यात जास्त पराभव तेव्हा कोणाच्या नावावर होते, तर यांच्या, सातशेच्या वर. रोझ बोल (बोल म्हणजे सीझन संपल्यावरची मानाची मॅच) तोवर एकदाच खेळले, 1968 च्या जानेवारीत, तोही हरले. शेवटचा बोल जिंकले 1991 ला. राज्य पूर्ण बास्केटबॉलचं वेडं, तिथे पाच वेळा देशात पहिले, आणि फुटबॉलचं स्टेडियम अर्धं रिकामं. असल्या घरात कोण येणार?

आले ते 62 वर्षांचे गृहस्थ. मला या माणसाची पत्रिका फार आवडते म्हणून जरा लांबण लावतो. अलाबामा युनिव्हर्सिटीत निक सेबन या नामवंत कोचच्या हाताखाली होते, 2009 चं राष्ट्रीय विजेतेपद तिथे मिळालं, आरामात राहिले असते. पण पन्नाशीला टेकले तरी हेड कोच कोणी करेना, तेव्हा 2011 ला पगार कमी घेऊन पार खालच्या श्रेणीतल्या एका छोट्या युनिव्हर्सिटीत गेले जिथे एकेकाळी त्यांचे वडील कोच होते. गंमत म्हणजे ते गाव पेनसिल्व्हेनियातलं आणि गावाचं नाव इंडियाना! तिथून एलॉन, तिथून जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटी, जिथे 52 जिंकले आणि 9 हरले. हेड कोच म्हणून 13 सीझन आणि एकदाही जिंकण्यापेक्षा हरणं जास्त नाही. पायरी पायरीने वर आलेला माणूस, पण टीव्हीवर चेहरा नाही म्हणून मोठ्या कॉलेजांना दिसलाच नाही.

पोरांना इथे यायला पटवणार कसं असं पत्रकारांनी विचारलं तर म्हणाले सोपंय, मी जिंकतो, गुगल करा. लोक हसले. मग हे जुन्या कॉलेजातले 13 खेळाडू आणि दोन्ही मुख्य सहाय्यक घेऊनच आले, म्हणजे पद्धत शिकवण्यात वर्ष गेलंच नाही, अर्ध्या टीमला ती पाठच होती. पहिल्याच वर्षी 11 विजय 2 पराभव, आणि नाव जाहीर झालं त्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, 30 नोव्हेंबर 2024 ला, परड्यूला 66-0! दुसऱ्या वर्षी कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून डाव चालवणारा खेळाडू, आणला, त्याला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी, मिळाली, आणि 19 जानेवारी 2026 ला फायनलमध्ये मायामीला 27-21 हरवून 16 पैकी 16.

तर सर, चार दिवस लागले ते खरं, पण मला वाटतं कोणता माणूस हवा हे आधी ठरलेलं असलं की चार दिवस पुष्कळ झाले.

प्रश्न: घरचाच माणूस का नाही घेत? जुना खेळाडू असेल तर त्याला आपुलकी तरी असते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर: नेब्रास्का युनिव्हर्सिटीने घेतला होता ना. स्कॉट फ्रॉस्ट, तिथलाच पोरगा, 1997 च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक, वर 2017 ला फ्लोरिडातल्या यूसीएफ युनिव्हर्सिटीला 13-0 करून आलेला. याहून चांगलं स्थळ कुठलं? सगळं राज्य नाचलं. 16 जिंकले, 31 हरले. 2022 च्या सप्टेंबरात घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून हरल्यावर दुसऱ्याच दिवशी काढलं. तीन आठवडे थांबले असते तर बायआउट निम्मा होणार होता, तेही थांबले नाहीत, 75 लाख डॉलर जास्तीचे गेले. घरच्या माणसाला वेळेवर काढता येत नाही आणि एकदा संताप झाला की मग तीन आठवडेही काढवत नाहीत, भाऊबंदकीत असंच होतं.

प्रश्न: मग आता प्रत्येक हरणारं कॉलेज असाच कोच शोधेल का? की डिऑन सँडर्ससारखा, स्वतः गाजलेला खेळाडू असलेला स्टार कोच आणलेला बरा? (एक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर: शोधतायतच, आणि बरेचजण चुकीचं शोधणार, साठीतला माणूस बघ, छोट्या कॉलेजातला बघ असं. वयाचा काय संबंध? ज्याने स्वतः हेड कोच म्हणून तीन वेगवेगळ्या ठिकाणी जिंकून दाखवलंय तो बघायचा, मोठ्या साहेबाचा नुसता सहाय्यक नको.

स्टारचं म्हणशील तर कोलोराडो युनिव्हर्सिटी 2022 ला 1-11 होतं, सँडर्स आले, तिकिटं संपली, कॅमेरे आले, 4-8, मग 9-4. त्या 9-4 मध्ये त्यांचा मुलगा शेडर आणि हाइझमन विजेता ट्रॅव्हिस हंटर होते. ते दोघे गेले आणि 2025 ला 3-9. मला तो प्रयोग फसला असं म्हणायचं नाही, रिकामं स्टेडियम भरणं हेही काम असतं, पण स्टेडियम भरणं आणि टीम बांधणं ही कामं वेगवेगळी आहेत.

प्रश्न: हातात बॉल घेऊन पळतात त्याला फुटबॉल म्हणायचं असेल तर आमच्या पेठेत येऊन म्हणून दाखवा. (एक कट्टर, कोल्हापूर)

उत्तर: नाही म्हणत बाबा! पण तुमच्या समाधानासाठी सांगतो, तिकडची पहिली कॉलेज मॅच 6 नोव्हेंबर 1869 ला रटगर्स आणि प्रिन्स्टनमध्ये झाली तेव्हा बॉल उचलून पळायला बंदीच होती, एका बाजूला 25 माणसं आणि गोल बॉल लाथेने मारायचा. म्हणजे सुरुवात तुमच्याच पद्धतीने झाली, पुढे रग्बीच्या नादी लागून पोरगं बिघडलं, नाव तेवढं राहिलं. तुमच्या पाटाकडील तालमीची मॅच असली की कळवा, येतो.