ठोकळे पाण्यात, आकडे रजिस्टरमध्ये

सांगली,
रविवार

प्रिय बाळ,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला तुझ्याकडे मायक्रो झेरॉक्स, म्हणजे बारीक अक्षरातली कॉपीची चिठ्ठी, सापडली, ती उत्तरपत्रिकेला जोडली गेली, लेखी जबाब झाला आणि आता चौकशी समितीपुढे जायचं आहे. घरी अजून कुणाला माहीत नाही. आणि शेवटी तू लिहिलंस, ‘सर, सगळेच करतात. मी सापडले एवढंच.’ या वाक्यावर मला बरंच बोलायचं आहे. पण तातडीचं आधी.

आजच घरी सांग. बागेची कामं अंगावर आहेत, वडील वैतागलेले असतात, हे मला कळतं. तरीही त्यांना हे कॉलेजच्या पत्रातून किंवा शेजारच्या पोराकडून कळलं, तर दुखणं दुप्पट होईल. फोन तू कर. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर माझा नंबर दे, पण पहिली बातमी माझ्या तोंडून जायला नको.

जबाबात काय लिहिलंस ते तू कळवलं नाहीस. ‘चिठ्ठी माझी नाही’, ‘बाकाखाली पडलेली होती’ असलं काही लिहिलं असशील, तर समितीपुढे पहिल्या वाक्यात ते दुरुस्त कर. मागच्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव घेऊन सुटायचा विचार मनात आला असेल, तर तो तिथेच सोड. तुझे काका म्हणतील, अमक्या साहेबांचा फोन लावू. त्यांना नको म्हण. फोनने प्रकरण मिटलं तर तू त्या साहेबांची देणेकरी होशील, आणि न मिटलं तर समितीचं तुझ्याबद्दल आहे ते मतही जाईल. शिक्षेचं म्हणशील तर साधारणपणे तेवढा पेपर रद्द होण्यापासून सगळ्या सत्राचे पेपर रद्द होण्यापर्यंत आणि पुढच्या परीक्षेला बसू न देण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. नेमके नियम परीक्षा विभागातून मागून घे आणि जाण्याआधी नीट वाच. एक सत्र गेलं तर जाऊ दे. सहा महिन्यांनी कुणाचं आयुष्य संपत नाही. त्या भीतीपोटी तू रात्ररात्र जागते आहेस, ते थांबव.

आता ‘सगळेच करतात’. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मी हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून उभा राहिलो आहे, परीक्षा संपल्यावर मैदानात चिठ्ठ्यांचा सडा पाहिला आहे. पण खरं सांगू? तुझ्या चिठ्ठीपेक्षा मला तुझ्या जर्नलची काळजी जास्त वाटते.

नळीतून किती पाणी वाहतं ते मोजायच्या व्हेंच्युरीमीटरचा प्रयोग आठव. डिस्चार्ज कोइफिशंट, म्हणजे प्रत्यक्ष प्रवाहाचं गणिताने येणाऱ्या प्रवाहाशी गुणोत्तर, ०.९७ च्या आसपास यायला पाहिजे हे सगळ्या वर्गाला आधीच ठाऊक असतं. मग काय होतं? सीनियरची फाईल येते, उत्तरापासून उलटं गणित मांडून मॅनोमीटरची, म्हणजे दाब दाखवणाऱ्या नळीची, रीडिंग ‘काढली’ जातात, दशांशानंतरचा एखादा आकडा इकडेतिकडे केला जातो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सात प्रयोग पूर्ण होतात. याला तुमच्यापैकी कुणी कॉपी म्हणत नाही. पकडत कुणी नाही, शिक्षा नाही, उलट सही आणि मार्क मिळतात. आता समज, तू स्वतः प्रयोग केलास आणि तुझं उत्तर ०.८२ आलं. म्हणजे कुठेतरी काही बिघडलंय. मॅनोमीटरच्या नळीत हवा अडकली असेल, एखादा जोड गळत असेल, टाकीत पाणी चढायचा वेळ चुकीचा मोजला गेला असेल. ते शोधायला लागलीस की तू इंजिनीअर व्हायला लागलीस. ०.९७ लिहून मोकळी झालीस तर ती शिकवणी तू स्वतःच्या हाताने बंद केलीस.

यात तुमच्या शिक्षकांचाही दोष आहे, आणि मी स्वतः शिकवतो म्हणून तो झाकणार नाही. वर्षानुवर्षं तेच प्रयोग त्याच क्रमाने द्यायचे, एका मशीनभोवती वीस पोरं उभी करायची, आणि ०.८२ लिहिणाऱ्याचे मार्क कापायचे, मग पोरं काय शिकणार? न तपासता केलेली सही हाही खोटेपणाच आहे. पण त्यांचा हिशेब त्यांनी द्यायचा. तुझा तू.

शिकवायला येण्याआधी मी बरीच वर्षं बांधकामाच्या गुणनियंत्रणात काढली. एका कामावर, कुठल्या आणि कुणाच्या ते सांगत नाही, मी काँक्रीटच्या ठोकळ्यांचं रजिस्टर बघत होतो. तुला माहीतच आहे, दीडशे मिलिमीटरचे तीन ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे, अठ्ठावीस दिवसांनी मशीनखाली फोडायचे. एम-२० प्रतीचं काँक्रीट असेल तर फुटतानाचा भार ४५० किलोन्यूटनच्या पुढे जायला पाहिजे. रजिस्टरमध्ये तिन्ही आकडे सुबक अक्षरात भरलेले होते, एकमेकांना चिकटून, एकाच पेनने. मी टाकीकडे गेलो. ते ठोकळे अजून पाण्यातच होते, नंबर घातलेले. फोडायला दहा दिवस बाकी होते.

रजिस्टर भरणारा मुलगा वाईट नव्हता. चांगल्या मार्कांनी पास झालेला, सकाळी सगळ्यांच्या आधी साइटवर येणारा. मी विचारलं तेव्हा तो गोंधळला, घाबरला नाही. ‘सर, एम-२० च आहे ना, मग तेवढं येणारच.’ त्याला आपण काही चोरलं असं वाटतच नव्हतं. चार वर्षं त्याने जर्नल अशीच लिहिली होती. पुढे ठोकळे फोडले तेव्हा एकाचा आकडा सरासरीपेक्षा इतका खाली गेला की नमुनाच बाद धरावा लागला. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एका ठोकळ्यात सरासरीपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. त्या रजिस्टरवर विसंबून वरचा स्लॅब घातला असता, तर खाली राहणाऱ्या माणसांना हे कधी कळलंही नसतं.

हे सगळं तुला सांगतोय कारण आपला धंदाच असा आहे, की एकाने लिहिलेल्या आकड्यावर दुसरा डोळे झाकून उभा राहतो. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी सांगलीचं प्रत्येक घर विचारत असतं. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. माळ्यावर सामान चढवायचं की घर सोडून निघायचं, म्हातारीला आत्ता हलवायचं की सकाळी, हे लोक त्या आकड्यावर ठरवतात. तो आकडा कुणी खोलीत बसून अंदाजाने टाकला तर?

कोयनेचं बघ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा धरणात बसवलेल्या यंत्राने जमिनीच्या हादऱ्याची नोंद घेतली. धरणाला तडे गेले, पण ते टिकलं. काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागतं याचं गणित तपासायला जगभरचे अभियंते आजही कोयनेची ती नोंद वापरतात. सातारा जिल्ह्यातली एक खरी नोंद इतकी वर्षं कामाला येते आहे.

आणि सापडण्याचं म्हणशील, तर परीक्षा हॉलमधून निसटलं म्हणजे निसटलं असं नसतं. २०२२ साली आपल्याच राज्यात २०१९-२० च्या टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेतले सात हजारांहून जास्त उमेदवार गैरप्रकारामुळे अपात्र ठरवले गेले. परीक्षा देऊन दोन वर्षं उलटली होती. काही जण तोवर शाळेत शिकवत होते. त्या वर्गातल्या पोरांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. अशा प्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे, पण कायद्याची भीती घालून मला तुझ्याकडून काही करून घ्यायचं नाही.

तू चिठ्ठी नेलीस ती हुशारी करायला नाही, तू अडकली होतीस म्हणून नेलीस. वाहत्या पाण्याचा दाब आणि वेग जोडणारं बर्नोलीचं समीकरण तुला पाठ आहे, पण ते कुठे लावायचं आणि कुठे नाही हे कुणी तुला बसून समजावलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. मला विचारायला हवं होतंस. अजून विचार. चॅटजीपीटीकडून असाइनमेंट लिहून घेतेस हेही मला माहीत आहे. त्याला प्रश्न जरूर विचार, पण वहीत तेच उतरव जे फळ्यापुढे उभं राहून समजावता येईल.

समितीचं झालं की, निकाल काही लागो, शनिवारी दुपारी लॅबमध्ये ये. लॅब असिस्टंटशी मी बोलून ठेवतो. व्हेंच्युरीमीटर आपण पहिल्यापासून लावू. तू रीडिंग घे, मी नुसता बघत बसतो. जो आकडा येईल तो पेनने लिहायचा, पेन्सिलीने नाही, आणि खाडाखोड न करता. उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते दोघं मिळून शोधू. येताना कॅल्क्युलेटर आण, आणि सीनियरची ती फाईलही आण. तिच्यातली रीडिंग आपल्या मशीनवर येऊच शकत नाहीत, हे तुला तुझ्याच आकड्यांवरून कळेल.

समितीची तारीख कळली की लगेच कळव. त्या दिवशी मी कॉलेजातच असेन. आत तुला एकटीलाच जावं लागेल, पण बाहेर मी थांबेन. आणि आधी घरी फोन.

तुझे,
सर