कृष्णधवल प्रिंटवरची हिरवी-गुलाबी झाक फाइलमध्ये शोधू नका

ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो कृष्णधवल करायची तुमची कल्पना मला फार आवडली. रंग काढून घेतला की माना आणि पाय यांच्या रेषाच उरतात. त्या प्रिंटवर गुलाबी झाक आली तर सगळंच फसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

प्रिंट घरातल्या दिव्याखाली गुलाबीसर आणि घराच्या गॅलरीत, दिवसाच्या उजेडात नेल्यावर हिरवट दिसतो, असं तुम्ही म्हणता. मग फाइलमध्ये मॅजेंटा (गडद गुलाबी) कमी-जास्त करणं आधी थांबवा. ती दुरुस्ती एकाच उजेडात लागू पडेल, दुसऱ्यात झाक आणखी वाढेल.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पक्ष्यांमागचं पाणी बघा, जिथे मधला करडा रंग आहे. तिथे निळे, गुलाबी, पिवळे ठिपके शेजारी-शेजारी दिसले तर मूळ सापडलं: तुमचा करडा रंग तीन रंगीत शायांतून बनतोय. ग्लॉसी, म्हणजे चकचकीत कागदाची सेटिंग निवडली की चार शायांचे बरेच प्रिंटर काळी शाई जवळपास वापरतच नाहीत. अशा मिश्रणावरून परतणारा उजेड सगळ्या तरंगलांबींवर सारखा नसतो, त्यात चढउतार असतात. दिवा बदलला की तोल गेला. कार्बनची काळी शाई मात्र सगळा उजेड जवळपास सारखाच शोषते, त्यामुळे दिवा बदलला तरी तिची छटा फारशी हलत नाही.

हे दुखणं जुनं आहे. २००० साली आलेला एप्सनचा २०००पी प्रिंटर दिवसाच्या उजेडात हिरवट दिसणाऱ्या प्रिंटसाठीच ओळखला जायचा. २००५ च्या आर२४०० मध्ये काळ्याबरोबर दोन फिकट काळ्या, म्हणजे करड्या शाया आणि कृष्णधवलसाठी वेगळा मोड आला, तेव्हा फरक डोळ्यांना दिसला. तुम्ही ठाण्याच्या लॅबमधून प्रिंट काढत असाल तर थेट विचारा: मशीनमध्ये करड्या शाया किती आहेत, आणि कृष्णधवल मोड वापरता का? उत्तर गुळमुळीत आलं तर लॅब बदला.

झाक सगळ्या उजेडात सारखीच असेल तर प्रकरण वेगळं. आधी नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारा चाचणी प्रिंट) काढा, एखादा रंग तुटक येत असेल. मग फोटोचं सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) दोघेही रंग सांभाळत नाहीत ना, ते पाहा. दोघांपैकी एकानेच सांभाळायचा. बाटलीतली दुसऱ्या कंपनीची शाई भरली असेल तर जुनं प्रोफाइल (ठरावीक शाई आणि कागदासाठी बनवलेली रंगांची फाइल) तिला लागू होणार नाही.

आपल्याकडच्या पावसाळी हवेत प्रिंट नीट वाळायला वेळ लागतो. चोवीस तास तरी थांबा, त्याआधी छटेवर मत बनवू नका.

कागद फार पांढराशुभ्र असेल तर त्यात बहुधा चमक आणणारी रसायनं असतात. अतिनील किरण पडले की ती निळसर उजळतात. ते किरण अडवणाऱ्या काचेमागे तोच कागद पिवळट वाटतो. प्रिंट फ्रेम करून लावायचा असेल तर अशी रसायनं नसलेला कागद मागा आणि प्रिंट जिथे टांगणार त्याच भिंतीवर, तिथल्याच दिव्याखाली तपासा.

प्रिंटरचं मॉडेल आणि कागदाचं नाव कळवा, म्हणजे नेमकी सेटिंग सांगता येईल.