एका वेळी एकच रेकॉर्ड

भुसावळ

चि. मित्रास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. देवपुरातल्या तुझ्या खोलीवर दर रविवारी पाच-सहा जण जमतात, जॅझ ऐकतात आणि आठवडाभरात कोणी काय ऐकले ते एकमेकांना सांगतात, हे वाचून फार आनंद झाला. आमच्या तरुणपणी असा ऐकणारा दुसरा माणूस खानदेशात शोधायचा म्हणजे वर्षे जात. पत्रासोबत तू बेचाळीस अल्बमांची यादी जोडली आहेस आणि नव्याने येणाऱ्याला यांतले कोणते, कोणत्या क्रमाने सांगावेत असे विचारले आहेस. शेवटच्या ओळीत, जरा खिन्न होऊन, असेही लिहिले आहेस की ज्या दोघांना ही यादी दिली ते पुढच्या रविवारी आलेच नाहीत.

यादी चांगली आहे. तीत उणे काढण्यासारखे मला काही दिसले नाही. परंतु दारी आलेल्या पाहुण्यापुढे आपल्याकडे कोणी केळीचा अख्खा घड ठेवत नाही. फणीतली पिकलेली दोन केळी पुढे करतो. बेचाळीस नावे वाचून त्या दोघांना तू पुष्कळ ऐकले आहेस एवढेच समजले असेल; आपण आज रात्री काय लावावे आणि ते लावल्यावर कान कुठे ठेवावा, हे समजले नसेल. म्हणून माझे सांगणे असे की एका माणसाला एका वेळी एकच रेकॉर्ड सांगावी, आणि तीही तिच्यातल्या एखाद्या जागेसकट सांगावी. ‘जागा’ हा शब्द मी आपल्या गाण्यातल्या अर्थाने वापरतो आहे. बैठकीहून परतताना आपण म्हणतो ना, की त्या अंतऱ्यातली ती जागा काय सुंदर घेतली, तशी जागा. ज्या रेकॉर्डमधली एकही जागा तुला अशी दाखवता येत नाही, ती तू स्वतः अजून पुरेशी ऐकलेली नाहीस असे समज आणि तूर्त कोणाला सांगू नकोस.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझा एक तबलजी स्नेही होता. येथल्या भजनी मंडळांत आणि गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या कार्यक्रमांत त्याची साथ असे. जॅझमध्ये तालवादकाला केवढा वाव असतो हे मी त्याला इतक्या वेळा सांगितले, की अखेर एका रात्री तो ऐकायला म्हणून मुद्दाम घरी आला. त्या दिवसांत मी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘असेन्शन’ने भारावलेलो होतो. ते वादन १९६५ चे. अकरा वादक आणि सुमारे ४० मिनिटे सलग चालणारा उसळता कल्लोळ. मी तेच लावले. थोड्या वेळाने त्याने शांतपणे विचारले, “यात सम कुठे आहे?” मला उत्तर देता आले नाही. चहा घेऊन तो गेला, आणि पुढे सहा वर्षे जॅझचा विषय निघाला की तो दुसरे काहीतरी बोलू लागे. रेकॉर्ड थोर होती, माणूसही जाणता होता. मी मात्र माझ्या कानाला त्या महिन्यात जे हवे होते ते त्याच्या कानात ओतले होते.

त्याला त्या रात्री पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचा १९५९ चा ‘टाइम आउट’ लावायला हवा होता. त्यातल्या पहिल्याच रचनेत नऊ मात्रा दोन-दोन-दोन-तीन अशा मोजल्या जातात. ब्रुबेक १९५८ च्या ज्या दौऱ्यात मुंबईलाही येऊन गेले, त्याच दौऱ्यात ही लय त्यांनी तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकली होती. त्याच रेकॉर्डवरचे ‘टेक फाइव्ह’ हे सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांनी रचले आहे. त्याच्या पाच मात्रा तीन-दोन अशा पडतात. झपतालाच्या अर्ध्या आवर्तनात आपण दोन-तीन म्हणतो. येथे तेच उलटे. आणि जागा म्हणशील तर मधली. सॅक्सोफोन थांबतो आणि ड्रमवादक जो मोरेलो एकटे वाजवू लागतात, परंतु पियानो तोच छोटा तुकडा खालून अखंड फिरवत राहतो. हा सरळ सरळ लेहरा आहे! एकल तबल्याला पेटीवर जसा लेहरा धरतात, तसाच ब्रुबेक यांनी तो धरला आहे, आणि त्या आधारावर मोरेलो मोकळ्या जागा सोडत, मात्रा उलटसुलट करत खेळतात. सहा वर्षांनी मी त्या स्नेह्याला एवढीच जागा ऐकवली. त्याचा हात मांडीवर पाच मोजू लागला तेव्हा मला पुढे काही बोलावे लागले नाही. त्यानंतर त्याने आपण होऊन मागून नेलेल्या रेकॉर्डी मी येथे मोजत बसत नाही.

तुमच्या मंडळात एक जण पेटी वाजवतो असे तू लिहिले आहेस. त्याच्यासाठी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’. ही रेकॉर्ड जो तो सांगतो, म्हणून तुला ती सांगण्याचा संकोच वाटेल. तो संकोच सोड. जे पुष्कळांना आवडले आहे ते सांगण्यात आपली जाण कमी ठरत नाही. मात्र त्याला ती पेटीजवळ बसवून ऐकव. ‘सो व्हॉट’ या पहिल्या रचनेत पांढरी दोन ही पट्टी षड्ज म्हणून धरली आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर बोटे ठेवली, की काफी थाटाचे स्वर हाती येतात. १६ बार, म्हणजे चार-चार मात्रांचे १६ गट, हेच स्वर चालतात. मग सगळा डोलारा जसाच्या तसा अर्धा स्वर वर, काळी दोनवर, ८ बार जातो आणि पुन्हा ८ बारांसाठी पांढरी दोनवर उतरतो. हे ३२ बारांचे आवर्तन मनात बसले, की पुढचा प्रत्येक वादक नेमका कोठे आहे ते कळू लागते, आणि जॅझमध्ये काही धरायला सापडत नाही ही तक्रार उरत नाही. सुरुवातीला पियानो आणि डबल बेस जणू विचार करत असल्यासारखे हळू वाजवतात. मग बेस प्रश्न विचारल्यासारखे एक वाक्य म्हणतो आणि बाकीचे दोन आघातांत त्याला उत्तर देतात. आपल्या भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलतात, तसेच ते आहे. साधारण दीड मिनिटाने माइल्स यांचे एकट्याचे वादन सुरू होते आणि नेमक्या त्या क्षणी ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक आघात करतात, जो बराच वेळ हवेत विरघळत राहतो. ती जागा. ती ऐकताना कोणी बोलत असेल तर त्याला हाताने थांबव.

याच रेकॉर्डबाबत एक गोष्ट सांगतो. माझ्याजवळ तिची जुनी कॅसेट होती आणि तिच्याबरोबर पेटी लावायला गेलो की षड्ज जुळत नसे. पांढरी दोन उतरलेली वाटे आणि काळी दोन चढलेली. पेटी सुरात करून आणली, कॅसेट दुसऱ्याच्या टेपरेकॉर्डरवर लावून पाहिली, तरी तेच. पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले तेव्हा मुख्य यंत्राची टेप किंचित हळू फिरत होती, त्यामुळे योग्य गतीने वाजवताना त्या दिवशीच्या तिन्ही रचना, म्हणजे रेकॉर्डची पहिली बाजू, थोडी चढी ऐकू येई. दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ही चूक १९९२ मध्ये दुरुस्त करण्यात आली. मुंबईहून आणलेली नवी सीडी मी पहिल्यांदा लावली आणि पांढरी दोनवर बोट ठेवले, तेव्हा दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले. मी तसाच बसून राहिलो. तुमच्यातले दोघे जुनी आवृत्ती चांगली की नवी यावर वाद घालतात ना, त्यांना आवाजाच्या उबेवर भांडण्याआधी पेटीवर बोट ठेवून पाहायला सांग.

जुनी चित्रपटगीते आवडणाऱ्याला थेट न्यूयॉर्कला नेण्याची घाई करू नये. पुणतांब्याचे सी. रामचंद्र त्याला ठाऊकच असतात. १९५१ च्या ‘अलबेला’च्या गाण्यांमागे गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते, आणि त्यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. एवढे सांगून खुद्द आर्मस्ट्राँग यांचे १९२८ चे ‘वेस्ट एंड ब्लूज’ लाव. सगळे मिळून तीन-साडेतीन मिनिटांचे काम आहे. आरंभी ट्रम्पेट एकटाच, कोणत्याही साथीशिवाय, जिना चढावा तसा चढतो आणि उतरतो; ती काही सेकंदे पुरेशी आहेत.

रेकॉर्डची गोष्ट किती सांगावी आणि केव्हा सांगावी, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रयीने २५ जून १९६१ च्या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात जे वाजवले, ते ‘सन्डे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या दोन रेकॉर्डींवर आहे. मागे पेल्यांची किणकिण आणि लोकांचे बोलणे ऐकू येते. बेसवर स्कॉट लाफॅरो आहेत, आणि त्या दुपारनंतर दोन आठवड्यांच्या आत, वयाच्या २५ व्या वर्षी, मोटारीच्या अपघातात ते गेले. तू हे आधी सांगितलेस तर ऐकणारा त्या बेसमध्ये मृत्यूच शोधत बसेल. वास्तविक त्या दुपारी तो तरुण पियानोशी बरोबरीने गप्पा मारतो आहे, मध्येच बोलतो आहे, हसतो आहे. आधी ते ऐकू दे. नंतर ऐकणाऱ्याने आपण होऊन “हा बेसवर कोण आहे?” असे विचारले, तर सांग. साथीदाराचे नाव विचारण्याची सवय मात्र सर्वांना लाव. बैठकीत तबल्यावर कोण होते हे आपण विचारतोच.

याच्या उलट अनुभवही मला आला आहे. मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर दरवर्षी पंढरपूरला पायी जाणारे एक वृद्ध शेजारी माझ्याकडे संध्याकाळी बसायला येत. एकदा त्यांना कोल्ट्रेन यांची ‘अ लव्ह सुप्रीम’ ऐकवली. ९ डिसेंबर १९६४ ला ध्वनिमुद्रित झालेली, चार भागांची, सुमारे ३३ मिनिटांची. पहिल्या भागात चार स्वरांचा एक छोटा तुकडा सॅक्सोफोन बाराही पट्ट्यांत फिरवतो आणि मग माणसांचे आवाज तोच तुकडा नाम घ्यावे तसे पुन्हा पुन्हा म्हणतात. ते डोळे मिटून ऐकत होते. चौथा भाग, ज्याच्या नावाचा अर्थच स्तोत्र असा आहे, सुरू झाला आणि काही वेळाने ते म्हणाले, “हा मानूस वाजवत नाही, काहीतरी म्हनू राह्यला.” मी तोपर्यंत त्यांना काहीच सांगितले नव्हते. त्या भागात कोल्ट्रेन आपण स्वतः लिहिलेले प्रार्थनाकाव्य, जे रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेले आहे, शब्दामागून शब्द सॅक्सोफोनवर म्हणतात. इंग्रजीचे अक्षरही न येणाऱ्या माणसाने ते कानाने ओळखले. कोणाला काय समजेल याचा अंदाज आपण त्याच्या शिक्षणावरून किंवा कपड्यांवरून बांधू नये, हे मी त्या संध्याकाळपासून पाळत आलो आहे.

आता त्या दोघांविषयी. त्यांच्याकडे जाऊन तू कोणतीच रेकॉर्ड सांगू नकोस. ते सध्या काय ऐकतात ते विचार आणि त्यांच्याबरोबर बसून ते पूर्ण ऐक. ती कव्वाली असेल, कानबाईची गाणी असतील किंवा लग्नातला बँड असेल. त्यांची आवडती जागा त्यांना दाखवू दे. तुला त्या जागेसारखे काही जॅझमध्ये आठवले तर पुढच्या वेळी घेऊन जा, आणि नाही आठवले तर मला कळव, मी शोधतो.

येत्या शनिवारी येथून एक गृहस्थ धुळ्याला येत आहेत, त्यांच्या हाती तुझ्यासाठी एक सीडी देत आहे. ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये आपला वाद्यवृंद घेऊन भारतात येऊन गेले, त्या प्रवासातून तयार झालेली ‘फार ईस्ट स्वीट’ ही रेकॉर्ड डिसेंबर १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. तीत दिल्लीच्या एका मैनेवर रचना आहे. त्या मैनेची शीळ एलिंग्टन यांचे सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्न यांच्या कानात राहिली होती आणि येथे ती क्लॅरिनेटवर येते. रविवारी तेवढी एकच रचना सगळ्यांनी ऐका, आणि ती शीळ किती वेळा, दर वेळी कोणत्या वाद्यांच्या मागून येते, ते पेटीवाल्याकडून नीट टिपून घेऊन मला लिही. माझी मोजणी मी या कागदाच्या मागे लिहिलेली आहे. तुमची झाल्याखेरीज पान उलटू नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका