जॅकलला मराठीत काय म्हणतात? अहो, कोल्हाच म्हणतात!

नेरुळच्या एका ताईंनी विचारलंय. पाम बीच रोडच्या कडेला खारफुटीत संध्याकाळी एक प्राणी दिसला, त्या म्हणाल्या कोल्हा, तर लेक म्हणाली आई कोल्हा म्हणजे फॉक्स, हा जॅकल आहे. मग जॅकलला मराठी शब्द कोणता, आणि मादीला कोल्ही म्हणायचं की कोल्हीण?

ताई, तुमचं बरोबर आहे. लेकीने प्राणी ओळखला, शब्द चुकला. कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्स म्हणजे खोकड. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशातही कोल्ह्यापुढे जॅकलच आहे. मी ऐरोलीत राहतो, आमच्या ग्रुपवर दर थंडीत कोणीतरी खाडीतल्या कोल्ह्याचा व्हिडिओ टाकतं आणि खाली लगेच "वॉव, फॉक्स!" आणि मी दर वेळी तेच टाइप करतो, खरंच वैताग आलाय.

खोकड खाडीत राहत नाही हो. ते माळरानाचं जनावर. सोलापूरकडच्या गवताळ माळावर बघा, दोन-तीन किलोचं, कान डोक्याच्या मानाने मोठे, शेपटी झुपकेदार आणि टोकाला काळी, बिळाला चार-पाच तोंडं. आपला कोल्हा आठ-दहा किलोचा, उंच पायांचा, आणि ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या नि निवट्या (चिखलातले मासे) शोधत फिरणारा. आमच्या दिवा गावाच्या जेट्टीकडे बांधावर त्याची विष्ठा मी जवळून पाहिलीय, वाळलेली, आणि तिच्यात चिंबोरीच्या कवचाचे लालसर तुकडे अगदी कुटून घातल्यासारखे.

गोंधळ झाला इसापामुळे. त्याच्या गोष्टीत फॉक्स होता, आपल्याकडे गोष्टीतला हुशार प्राणी कोल्हा (पंचतंत्रातले करटक-दमनक कोल्हेच), म्हणून भाषांतर करणाऱ्यांनी फॉक्सच्या जागी कोल्हा बसवला. गोष्टीपुरतं ते चांगलंच केलं. पण नंतर चित्रांच्या पुस्तकवाल्यांनी तेच समीकरण उलटं वाचलं आणि लालभडक, शेपटीचं टोक पांढरं असलेल्या युरोपातल्या फॉक्सखाली 'कोल्हा' छापलं. द्राक्षं आंबट ती बाहेरून आलेली. आपली म्हण 'कोल्हा काकडीला राजी', आणि तो खरंच काकडी, बोरं, ऊस सगळं खातो.

आता खरी मजा. कोल्हा हे नाव धूर्तपणावरून नाही पडलं, आवाजावरून पडलंय. संस्कृतात क्रुश् म्हणजे ओरडणं, त्यावरून आक्रोश, आणि ओरडणारा तो क्रोष्टा किंवा क्रोष्टु, म्हणजे कोल्हा. याच क्रुश् वरून क्रोश, आणि क्रोशाचा झाला आपला कोस! हाक जिथवर ऐकू जाते तेवढं अंतर ते क्रोश, पुढे ते साधारण दोन मैलांवर स्थिरावलं. म्हणजे 'दहा कोस चाललो' म्हणताना आपण दहा हाका मोजतो. कोस आणि कोल्हा भाऊ-भाऊ! हे मला पहिल्यांदा सुचलं तेव्हा रात्री खिडकीत उभा होतो आणि खाडीकडून आवाज येत होता, आधी एकाची लांब चढत जाणारी हूऽऽ, मग दुसरा, मग सगळी टोळी एकदम, मग सोसायटीतली कुत्री. तो आवाज कुटुंबाचा असतो. नर-मादी जोडीने राहतात, आदल्या वर्षीची एखाद-दोन पोरं मागे राहून नव्या पिल्लांना भरवतात, आणि तिन्हीसांजेला सगळे मिळून ओरडतात की हा इलाखा आमचा. नाव ठेवणाऱ्याने बरोबर ठेवलं.

यावर काहीजण म्हणतात, क्रोष्टुतून कोल्हा निघत नाही, ष्टचा ठ होतो, दृष्टीची दिठी होते, पालीत कोट्ठु झालाच आहे, मग ल्ह कुठून आला, आणि मग कोल्ह्यासाठीच्या प्राकृत कोल्हुअला 'देशी' (म्हणजे संस्कृतातून न आलेला) असा शिक्का मारून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. देशी म्हणणं हे उत्तर नाही, ते शोध थांबवणं आहे. माझं म्हणणं असं की ठचा ढ झाला आणि दोन स्वरांमधला ढ ळ्ह होतो, ऋग्वेदात दृढचा दृळ्ह आहे, पालीत मूढचा मूळ्ह आहे, ज्या ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे'ने होते तिथे ळचं नवल कसलं? कोट्ठु, कोढु, कोळ्हु, कोल्हा. माझ्या मते या जिन्याच्या पायऱ्या मजबूत आहेत. आणखी एक, प्राकृतात कोल्हुअ म्हणजे ऊस पिळायचं यंत्रसुद्धा, हिंदीतला कोल्हू तोच. लाकडी घाणा फिरताना जो कण्हल्यासारखा ओरडतो तो ज्याने ऐकलाय त्याला यंत्राला कोल्ह्याचं नाव का पडलं असेल हे सांगावं लागणार नाही. दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले म्हणणाऱ्यांनी एकदा घाण्याजवळ उभं राहावं.

आणि फॉक्स-जॅकल फरक इंग्रजीने शिकवला असं वाटत असेल तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक ओळ आहे, लोपाश सिंहावर चालून जातो आणि क्रोष्टा रानडुकराला झुडपातून हुसकावतो. लोपाश म्हणजे खोकड, क्रोष्टा म्हणजे कोल्हा. एकाच ओळीत दोघं, दोन वेगळी नावं! तेव्हाच्या माणसाला जे दिसत होतं ते आपल्या चित्रांच्या पुस्तकाला दिसू नये याचं मला फार वाईट वाटतं. जॅकल हा शब्द तर आपलाच नातेवाईक, संस्कृत शृगाल, फारसी शगाल, तुर्की चकाल, मग फ्रेंचमधून इंग्रजीत. लेकीला सांगा, तू जॅकल म्हणालीस तेव्हा शृगालच म्हणालीस.

अजून एक, न्यूजवाले प्रत्येक टीकेला 'विरोधकांची कोल्हेकुई' म्हणतात. एकटा नेता बोलला तर ती कोल्हेकुई कशी? एकाने सुरू करायची आणि बाकीच्यांनी सूर धरायचा, ती कोल्हेकुई.

हां, मादीचं. कोल्ही आणि कोल्हीण दोन्ही चालतं, माझ्या कानाला कोल्हीण. पाणिनीला पण हा प्रश्न पडला होता बरं का, क्रोष्टुची रूपं कर्तृसारख्या तृ लागलेल्या शब्दासारखी चालवा असं एक सूत्र आणि लगेच पुढचं सूत्र, स्त्रीलिंगातही तसंच, म्हणजे क्रोष्ट्री. माझी कोकणातली आजी मात्र यातलं काहीच म्हणायची नाही, रात्री एकटीच वेगळ्या आवाजात ओरडणारी कोल्हीण असली की म्हणायची "भालू ओरडतेय", आणि उठून दाराची कडी परत एकदा बघून यायची.